तोलाराच्या परसातला वेल

सोलापुरात द्राक्षं लावायची म्हणजे काय खायचं काम आहे? चैत्र लागला की इथल्या विहिरी तळ दाखवायला लागतात, उन्हानं दारांच्या फळ्यांना भेगा पडतात, आणि बसम्मा निघाली परसात द्राक्षाची बाग करायला. शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात ज्यानं ऐकलं तो हसला. शेजारची महानंदा तर तोंडावर म्हणाली, "बसम्माक्का, ही काय कारल्याची वेल हाय व्हय, बी टोचलं की चढली मांडवावर?" बसम्मा घागर घेऊन विहिरीकडं गेली. ती कुणालाच फारसं उत्तर देत नसे. बाई अशी, की चार लोकांना विचारण्याआधी काम उरकून मोकळी व्हायची. गुण चांगलाच म्हणायचा, पण ह्याच गुणानं पुढं तिच्या गळ्यात धोंड बांधली.

हे एकोणीसशे सव्वीस-सत्तावीस सालचं. बसम्माचा नवरा चन्नवीर अडत बाजारात तोलार होता. ज्वारी, तूर, करडई, शेंग, सगळा माल त्याच्या काट्यावरून जायचा. अंगानं उंचापुरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं कानडी वळणाचं आणि स्वभाव एकदम कडक. उतारवयात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. गावोगाव हिंडून सुईनं मोतीबिंदू काढणारा एक वैदू आला, त्यानं डोळे बरे करायच्या ऐवजी होते तेवढेही घालवले. मग चन्नवीर घरात बसला. पाठोपाठ खोकला लागला, अन्न जाईना. एकुलती एक लेक अक्कलकोटच्या पलीकडं दिलेली, ती येऊन रडून गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं छाती ठोकून बघितली आणि बसम्माला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, दसरा काढला तर नशीब समजा. काय खावंसं वाटेल ते द्या."

चन्नवीरला काय खावंसं वाटावं? द्राक्षं. बाजारातला कुणी जुना अडत्या नाशिकाकडची एक पेटी घेऊन भेटायला आला होता. महिन्यात पहिल्यांदा चन्नवीर हात पुढं करून म्हणाला, "आणखी दे की." झालं. बसम्मानं ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे ठरवलंच. आता मला सांगा, वेल लावला की फळाला तिसरं वर्ष उजाडतं, आणि डॉक्टरनं दिलेला शब्द दसऱ्याचा. हा हिशेब तिला कळत नव्हता काय? कळत होता. पण वेल लावणाऱ्या माणसाच्या घरातून कुणी मध्येच उठून जात नाही, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं होतं. तिला नवरा हवा होता. आंधळा, खोकणारा, जेवणाच्या ताटावर कुरकुरणारा, पण हवा होता.

गिरणीमालकाच्या बंगल्यावर जोतीराम नावाचा माळी होता. तो हाताचा कसबी आणि जिभेचा लांब. त्यानं येऊन परस बघितलं, विहिरीचं पाणी चाखून थुंकलं आणि म्हणाला, "मचूळ हाय, पर चालंल. चार खड्डे घ्या कमरेइतके. प्रत्येक खड्ड्याला पांगाऱ्याचा एक सोट रोवायचा. पांगारा जगतो, वेल त्याला धरून चढतो. सावलीबी तोच देतो." हे सगळं ठीक होतं. मग तो म्हणाला, खड्ड्यात शेणखताबरोबर मासळी टाका, हाडं टाका, कसायाकडचं रगत मिळालं तर फारच उत्तम.

बसम्मानं पदर नाकाला लावला. "जोतीराम, हे लिंगवंताचं घर हाय. असलं काय हितं चालायचं न्हाय."

"आक्का, द्राक्षाचा वेल कायतरी घेतल्याबिगर धरत न्हाय. आमचा आजा सांगायचा."

"पेंड घालते. राख घालते. तेवढ्यात धरला तर धरू दे."

"बघा बापा," जोतीराम म्हणाला आणि कलमांच्या काड्या आणायला गेला.

आता जे सांगायचं आहे, त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. लिंगायताच्या गळ्यात जे लिंग असतं ते जन्मल्यावर बांधतात आणि मातीत जाईपर्यंत सुटत नाही. चांदीची डबी, ती गळ्यात अडकवायचा दोरा म्हणजे शिवदारा, आत कांतीचा काळा लेप दिलेलं सुपारीएवढं लिंग. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, आणि मग पाण्याचा पहिला घोट. माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवून पुरतात, तेव्हाही त्याचं लिंग त्याच तळहातावर असतं. हरवलं तर मठात जाऊन नवीन बांधून घेता येतं, तशी सोय आहे. पण चन्नवीरच्या घरात ती सोय कुणाला मान्य नव्हती. त्याचा बाप एकदा भीमा उतरत असताना नाव कलंडली, माणूस वाचला आणि लिंग गेलं. मठाच्या अय्यांनी, म्हणजे स्वामींनी, परोपरीनं समजावलं. म्हातारा भिंतीला पाठ लावून बसला, अन्न नाही, पाणी नाही, आणि बसल्या जागी गेला. चन्नवीर ही हकिकत छाती पुढं काढून सांगायचा. "आमी त्या बापाची औलाद," असं म्हणायचा.

खड्डे भरायचे त्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर चन्नवीरचा शिवदारा तुटला. त्याला ताप होता. त्यानं डबी आणि लिंग बायकोच्या हातात दिलं, "नवीन दारा ओव" म्हणाला आणि गुंगीत गेला. बसम्मानं डबी देवळीत ठेवली आणि लिंग ओल्या फडक्यात गुंडाळून कमरेला खोचलं. हात खताचे झालेले, अशा हातांनी दारा कसा ओवायचा? म्हटलं, खड्डे आटोपून, आंघोळ करून ओवू. मग ती खड्ड्यात उतरून शेणखत तुडवत राहिली, पेंड पसरत राहिली, एकामागून एक चारही खड्डे भरले. जोतीराम काड्या घेऊन आला, त्यानं पांगारे रोवले, काड्या लावल्या, पाणी सोडलं. तो गेल्यावर बसम्मानं कमरेला हात लावला. फडकं होतं. ते रिकामं होतं.

तिनं लुगडं झटकून बघितलं. आंघोळीच्या दगडापाशी शोधलं, वाटेवर शोधलं, अंगणातली धूळ हातांनी चाळली. खड्डे उकरायचे तर काड्या मरणार, आणि जोतीराम विचारणार का उकरले, महानंदा भिंतीवरून डोकावून विचारणार का उकरले. आणि हे बोलणं चन्नवीरच्या कानावर गेलं की तो काय करणार हे तिला चांगलंच माहीत होतं. तो उठून भिंतीला पाठ लावणार. ज्या माणसाला दसऱ्यापर्यंत ओढून न्यायचं, तो दोन दिवस काढणार नाही.

मग तिनं जे केलं ते केलं. विहिरीच्या पायरीवरून एक गुळगुळीत खडा उचलला, काजळ, तूप आणि बिब्ब्याचं तेल लावून तो काळा केला, वाळवला, डबीत घातला आणि नवीन दारा ओवला. दुसऱ्या दिवशी आंघोळ घालून डबी नवऱ्याच्या हातात दिली आणि तिथंच उभी राहिली. चन्नवीरनं खडा तळहातावर घेतला. त्याची बोटं क्षणभर थांबली. मग त्यानं विभूती लावली, पान वाहिलं, आणि पाणी मागितलं. बसम्माचा जीव भांड्यात पडला.

चार वेलांपैकी तीन रीतसर वाढले. जोतीराम म्हणेल तेवढे वाढले, म्हणेल तेव्हा वाढले. चौथा, खोलीच्या खिडकीजवळचा, मात्र काय सांगावं, पाऊस नाही पाणी नाही, पांगाऱ्याच्या शेंड्याला पोचला. तो एकटाच असा वाढताना बघून बसम्माला कळलं, लिंग ह्याच्याच मुळाशी आहे. तिनं उरलेल्या तिघांकडं पुन्हा काही शोधलं नाही.

दसरा आला आणि गेला. चन्नवीर होता.

पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी ती त्या वेलाला पाणी घालून आत आली, तर चन्नवीर बाजेवर पाय आखडून बसलेला. "माझ्या पायावर पाणी का वतलंस?" म्हणाला. तिनं पाय चाचपले. कोरडे होते, पण विहिरीतून काढल्यासारखे गार. तिला वाटलं, तापाचं काहीतरी असेल. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम पाणी घातलं नाही. संध्याकाळी तो म्हणाला, "आज पाय लई पोळत्यात गं." बसम्मा घागर घेऊन परसात गेली आणि आत येऊन बघते तो चन्नवीर डोळे मिटून निवांत पडलेला.

आता तुम्ही म्हणाल, बाईच्या मनाचे खेळ. असतील. मग छाटणीचं काय म्हणता? जोतीराम चैत्रात कात्री घेऊन आला. तीन वेल खरडून झाले, काही नाही. चौथ्याला कात्री लावली आणि वेलातून टपाटप पाणी ठिबकायला लागलं. छाटल्यावर वेल रडतो, हे बागाईत करणारा कुणीही सांगेल, त्यात नवल नाही. पण आत चन्नवीरच्या आंधळ्या डोळ्यांतूनही पाणी चाललं होतं. तो रडत नव्हता. बाजेवर बसून, दोन्ही हातांची बोटं मुठीत आवळून, शांतपणे महानंदाच्या नवऱ्याशी ज्वारीच्या भावाबद्दल बोलत होता, आणि गालांवरून धारा लागल्या होत्या. बसम्मा पळत बाहेर आली आणि तिनं जोतीरामचा हात धरला.

"ह्याला पुन्हा हात लावायचा न्हाय."

"आक्का, छाटल्याबिगर फळ धरायचं न्हाय."

"न धरू दे."

जोतीरामनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि कात्री पिशवीत घातली. त्या दिवसापासून तो परसात यायचा तेव्हा चौथ्या वेलाकडं पाठ करून काम करायचा. त्याच्यासारख्या बोलघेवड्या माणसानं कारण विचारलं नाही, ह्याचंच बसम्माला जास्त भय वाटलं.

न छाटलेला वेल मोकाट सुटला. पांगाऱ्यावरून घराच्या धाब्यावर गेला, धाब्यावरून खाली उतरला. एक तणावा खिडकीच्या गजातून आत आला आणि बाजेच्या पायाला वेटोळं घालून बसला. बसम्मा तो रोज सोडवायची, सकाळी पुन्हा तिथंच. शेवटी तिनं नाद सोडला. थंडीत वेलावर भुरी आली, पानं पीठ पडल्यासारखी पांढरी झाली, आणि चन्नवीरच्या हातापायांच्या कातडीला तसाच पांढरा कोंडा सुटला. वैद्याचा लेप लावून उतरेना. जोतीरामनं दिलेला गंधक तिनं फडक्यात बांधून वेलावर झाडला. आठवड्याभरात वेल आणि माणूस दोघंही निवळले. अय्यो शिवा, असं म्हणून तिनं कपाळाला हात लावला. कुणाला सांगायची सोय नव्हती. हे सगळं पुढं म्हातारपणी तिनं महानंदाला सांगितलं आणि महानंदानं अख्ख्या पेठेला, म्हणून तुम्हाआम्हाला कळलं.

तिसऱ्या वर्षी फळ धरलं, न छाटता धरलं. घोस असे, की बंगल्यावर नसतील. बसम्मानं पहिला घोस धुऊन नवऱ्याच्या हातात दिला. ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप केला तो क्षण आला होता. चन्नवीरनं एक मणी तोडला, तोंडाजवळ नेला, वास घेतला आणि ताटात परत ठेवला.

"गोड असतील," तो म्हणाला. "वाटून टाक. आपलंच आपुन खाऊ नये."

बसम्मानं घोस वाटले. बोळातल्या सगळ्यांनी खाल्ले, वाहवा केली. तिनं स्वतः एक मणी तोंडात टाकला नाही.

इथवर मी म्हणेन, बाई जिंकली होती. डॉक्टरनं दिलेल्या दसऱ्यानंतर आणखी तीन दसरे झाले. पण जगणं आणि मरण न येणं ह्यात फरक आहे, आणि तो तिला रोज डोळ्यांसमोर दिसायला लागला. चन्नवीरच्या अंगावर मांस राहिलं नाही. कूस बदलायची तर तिला बदलावी लागे. खोकून खोकून छातीचा भाता झालेला, घासभर पेजही पोटात ठरेना, आणि तरी सकाळी डबी उघडून मागायचा, तळहात पुढं करायचा. वेल मात्र खिडकीबाहेर हिरवागार. दवाखान्यातला डॉक्टर एकदा वाटेत भेटला, त्यानं विचारलं, "अजून आहेत?" आणि मग स्वतःशीच मान हलवत गेला. लेक येऊन बघून गेली आणि जाताना दारात म्हणाली, "यव्वा, अप्पाला सोडवा की गं कुणीतरी." बसम्मा लेकीवर अशी खेकसली की पोर रडत गाडीत बसली.

मठाचे अय्या आले. चन्नवीरच्या उशाशी बराच वेळ बसले आणि उठताना दारात हळूच म्हणाले, "बसम्मा, ह्या माणसाचा जीव कुटंतरी अडकलाय. तुला ठावं असलं तर मोकळा कर."  तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. अय्या गेले.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर सकाळी, तोंड धुवायला पाणी दिलं तेव्हा चन्नवीर तिला म्हणाला, "बसम्मा, मी दमलो. मला जाऊ दे की."

"कुटं जायचंय तुमाला," ती म्हणाली, "बाहीर ऊन हाय." आणि चुलीपाशी जाऊन पदर तोंडात कोंबून रडली.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली, अख्खा बोळ तिकडं लोटला, भर दुपारी घरोघर कड्या लागल्या. बसम्मानं विळा आणि खुरपं घेतलं आणि चौथ्या वेलाच्या मुळाशी बसली. वरची माती लगेच निघाली. खाली मुळ्यांचं जाळं. हातभर खाली गेल्यावर अंगठ्याएवढी एक मुळी दिसली, ती सरळ न जाता तिथंच वळून आपल्याभोवती गुंडाळलेली, आणि त्या वेटोळ्यात माणसानं मुठीत काही धरावं तसं लिंग धरलेलं. कांतीचा एक टवका उडाला नव्हता. बोटांनी निघेना. मुळी तोडल्यावाचून निघणार नव्हतं.

तिनं विळा लावला. आतून चन्नवीरनं हाक मारली, "बसम्मा."

तो कधी एवढ्या मोठ्यानं हाक मारू शकला नव्हता, वर्षभरात तरी नाही. तिचा हात थांबला. अजूनही वेळ होती. माती लोटून, पाणी घालून ती आत जाऊ शकत होती, आणि आणखी एक दसरा, आणखी दोन. तिला त्याचा तो तळहात आठवला, खडा घ्यायला रोज पुढं येणारा. तिनं विळा ओढला. मुळीतून पाणी आलं, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, आणि ते कोमट होतं.

आत जाऊन तिनं लिंग धुतलं, विभूती लावली, आणि नवऱ्याच्या गळ्यातली डबी उघडून खडा काढून घेतला. मग ते लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि जे एवढी वर्षं गिळलं होतं ते सगळं सांगून टाकलं. फडकं, खड्डा, विहिरीची पायरी, काजळ. काही ठेवलं नाही. सांगताना तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही.

चन्नवीरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला ठावं हाय."

"कवापासनं?"

"पयल्या दिवसापासनं. जल्मभर जे हातावर घेतलं ते वळखायला डोळे लागत्यात व्हय?"

बसम्मा खाली बसली. "मग बोलला का न्हाई? पूजा कशी केली तुमी त्या खड्याची?"

"तू दिलास म्हून केली." त्याला धाप लागली, तो थांबला. "मनात आलं हुतं, बापावानी भिंतीला पाठ लावावी. मग वाटलं, ही बाई मला जाऊ द्यायला तयार न्हाय. तिनं सांगितल्याबिगर कसं जावं? आज बोलंल, उद्या बोलंल. तू बोलंनास. मला जाता यीना."

 मग बसम्मानं विचारलं, कारण विचारल्यावाचून तिला राहवेना, "आन् वेलाला पाणी घातलं की पाय गार पडायचे, ते सोंग हुतं का?"

"न्हाय," चन्नवीर म्हणाला. "ते खरं हाय. आता मुळी तोडलीस न्हवं? माझे पाय हायत का न्हाईत ते मला कळंना झालंय." तो घाबरला नव्हता, पण ती घाबरली. तिनं त्याचे पाय हातात घेतले. होते जागच्या जागी, कोरडे, हलके.

"तो खडा फेकू नगंस," तो म्हणाला. "पूजा झालीया त्याची. आन् मला बसतं कर."

बसतं कर म्हणजे काय ते तिला समजलं. तिनं त्याची मांडी घालून दिली, लिंग घेतलेला तळहात मांडीवर ठेवला. पाठ भिंतीला लावू गेली तर त्यानं मान हलवली. भिंत नको होती. मग ती त्याच्यामागं बसली आणि आपली पाठ त्याच्या पाठीला लावली. दूरवर जत्रेतली वाजंत्री वाजत होती. थोड्या वेळानं त्याच्या पाठीचं ओझं तिच्या पाठीवर आलं. ती हलली नाही.

जत्रेहून परतताना महानंदा तिळगूळ द्यायला आत आली, ती दारातच थबकली. "अगं, बसल्या बसल्या झोपले व्हय दादा?"

"झोपले न्हाईत," बसम्मा म्हणाली. "गेले. म्या जाऊ दिलं त्यास्नी."